फोडणीच्या तेलात डॉलर किती?

2022 च्या एप्रिल अखेरीस आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानदारानं स्वतःचाच एक नियम काढला होता. एका गिऱ्हाइकाला तेलाचे दोनच पाऊच. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं, "इंडोनेशियानं माल बंद केलाय." रांगेतल्या एका आजींना वाटलं, इंडोनेशिया म्हणजे मार्केट यार्डातला कुणीतरी ठोक व्यापारी. त्या म्हणाल्या, "मग दुसऱ्याकडून आण की."

आजींचं तसं फार चुकलं नव्हतं. आपल्याला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं, वर्षाला दीड कोटी टनांच्या घरात. जगात सगळ्यात जास्त खाद्यतेल आयात करणारा देश आपणच. पामतेल इंडोनेशिया आणि मलेशियातून, सोयातेल मुख्यतः अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून, सूर्यफुलाचं रशिया आणि युक्रेनमधून. यात इंडोनेशिया हा खरोखरच सगळ्यात मोठा ठोक व्यापारी आहे, आणि त्यानं 28 एप्रिलला निर्यातीचं शटर ओढलं ते 23 मेला वर केलं. दुसऱ्याकडून आणायचं म्हटलं तर तिथं युद्ध चालू होतं. फेब्रुवारीच्या 24 तारखेपासून काळ्या समुद्रातली युक्रेनची बंदरं ठप्प होती.

इथवर सगळं सरळ आहे. माल कमी, भाव जास्त. पण जरा तारखा बघा. पामतेलाच्या भावानं उच्चांक गाठला तो मार्चच्या सुरुवातीला, टनाला 7,000 रिंगिटच्या वर. रिंगिट हे मलेशियाचं चलन. म्हणजे इंडोनेशियानं निर्यात बंद करायच्या जवळजवळ दोन महिने आधी. आणि सप्टेंबर अखेरीस तोच भाव साडेतीन हजारांच्याही खाली होता. या सहा महिन्यांत पामची झाडं काही दुप्पट झाली नव्हती, आणि लोकांनी भजी तळणंही सोडलं नव्हतं. मग एवढं वरखाली काय झालं?

त्यासाठी भाव ठरतो कुठे ते बघावं लागतं. पामतेलाचा भाव क्वालालंपूरच्या वायदेबाजारात ठरतो, सोयाबीनचा शिकागोच्या. वायदा म्हणजे काय हे समजायला मंगल कार्यालय डोळ्यांसमोर आणा. मे महिन्यातल्या मुहूर्ताचं कार्यालय तुम्ही दिवाळीतच आजच्या दरानं ठरवून टाकता आणि थोडी रक्कम इसार म्हणून देता. मालकाला खात्री मिळाली, तुम्हाला खात्री मिळाली, दोघंही निवांत. आता समजा ती इसाराची पावती दुसऱ्याला विकता येते. मुहूर्त कमी आहेत अशी बातमी आली, तर तुमच्या पावतीला वरकड पैसे मिळतील. मग असेही लोक पावत्या घ्यायला लागतात ज्यांच्या घरात लग्नाचं कुणीच नाही. त्यांना कार्यालय नको असतं, फक्त पावतीचा भाव वाढायला हवा असतो. आणि गंमत अशी की पुढच्या गिऱ्हाइकाला दर सांगताना कार्यालयाचा मालकसुद्धा पावतीचा भाव काय चाललाय हेच बघतो.

वायदेबाजार तो एवढाच. पावत्या फिरवणारे सगळे चोर असतात असं मी म्हणणार नाही. ते नसते तर शेतकऱ्याला किंवा गिरणीवाल्याला आज भाव पक्का करून द्यायला समोर कुणी उभंच राहिलं नसतं. सट्ट्यामुळे भाव किती वाढतात यावर अर्थतज्ज्ञांत 2008 पासून भांडण चालू आहे आणि ते मिटलेलं नाही. पण एक गोष्ट निर्विवाद आहे. युद्धाची, दुष्काळाची किंवा व्याजदराची बातमी आली की माल हलायच्या कितीतरी आधी पावतीचा भाव हलतो, आणि आपल्या दुकानदाराचा ठोक व्यापारी सकाळी उठून तोच भाव बघतो.

कधीकधी कागद मालापासून इतका सुटतो की हसू यावं. 20 एप्रिल 2020 ला अमेरिकेत कच्च्या तेलाचा वायदा उणे 37.63 डॉलरवर बंद झाला. म्हणजे तेल घेऊन जा आणि वर पैसेही घ्या. टाळेबंदीमुळे साठवायला टाक्या उरल्या नव्हत्या आणि पावती हातात असलेल्यांना खरंखुरं तेल नको होतं. मुंबईच्या एमसीएक्स या वायदेबाजारातही तो सौदा पिंपाला उणे 2,884 रुपयांनी मिटवला गेला. पेट्रोल पंपावर मात्र कुणी आपल्याला वर पैसे दिले नाहीत. उलट मे महिन्यात सरकारनं पेट्रोलवरचा उत्पादन शुल्काचा बोजा लिटरला 10 रुपयांनी आणि डिझेलवरचा 13 रुपयांनी वाढवला. भाव वर जातो तेव्हा लगेच आपल्यापर्यंत पोहोचतो, आणि खाली येताना वाटेत त्याला बरेच लोक भेटतात.

मुंबईला हे सगळं नवं नाही. अमेरिकेच्या यादवी युद्धात तिथला कापूस बंद झाला, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांसाठी मुंबईचा कापूस सोन्याच्या भावानं गेला, शहरात पैशांचा पूर आला, आणि 1865 मध्ये युद्ध संपल्यावर त्याच शहरातल्या बँका आणि कंपन्या कोसळल्या. मटक्यातले 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तरी कुठून आले? न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात भाव कितीवर उघडला आणि कितीवर बंद झाला, याची तार मुंबईत यायची आणि त्या आकड्यांवर गिरणगावात पैसे लागायचे. न्यूयॉर्कहून आकडे येणं थांबल्यावर मग मडक्यात चिठ्ठ्या टाकायची वेळ आली. जागतिक बाजाराचे आकडे आपल्या गल्लीत इतक्या आतवर आधीच येऊन बसलेत.

डिसेंबर 2021 मध्ये शेअर आणि वायदेबाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं भाववाढ रोखायला सोयाबीन, कच्चं पामतेल, मोहरी, हरभरा, गहू, मूग आणि बिगर-बासमती भात अशा सात मालांचे वायदे आपल्याकडे बंद केले. पावत्यांचा बाजार इथला बंद झाला. क्वालालंपूर आणि शिकागोचा चालूच होता. उच्चांक त्यानंतर तीन महिन्यांनी आला.

पतसंस्थेतल्या ठेवी

आता दुसरा धागा, डॉलर. पामतेल मलेशियात रिंगिटमध्ये ठरलं तरी आपला आयातदार पैसे डॉलरमध्ये मोजतो. हिशेब अगदी सोपा आहे. टनाला 1,000 डॉलर भाव धरा. डॉलर 75 रुपयांना असेल तर किलोला 75 रुपये पडले. डॉलर 83 चा झाला की तेच तेल 83 रुपये. मलेशियात काही बदललं नाही, जहाज तेच, तेल तेच, आणि किलोमागे 8 रुपये वाढले. 2022 च्या जानेवारीत डॉलर 75 च्या खाली होता, ऑक्टोबरात 82 च्या वर गेला. हे 8 रुपये काही मी कल्पनेनं घेतलेले नाहीत.

रुपया का घसरला? याचं उत्तर प्रत्येक तालुक्याच्या गावात माहीत असतं, फक्त ते वेगळ्या नावानं. गावातली पतसंस्था ठेवीवर साडेआठ टक्के देते आणि राष्ट्रीयीकृत बँक सहा. लोक थोडी जोखीम घेऊन पतसंस्थेत पैसे ठेवतात. उद्या बँकेनंच आठ टक्के द्यायला सुरुवात केली तर? अर्ध्या टक्क्यासाठी कोण धोका पत्करेल? सकाळी पतसंस्थेच्या दारात रांग लागेल.

जगात अमेरिकन सरकारचे रोखे, म्हणजे सरकारनं घेतलेल्या कर्जाचे कागद, ही ती राष्ट्रीयीकृत बँक. आपण, ब्राझील, दक्षिण आफ्रिका, तुर्कस्तान म्हणजे पतसंस्था. मार्च 2022 च्या सुरुवातीला अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा व्याजदर शून्य ते पाव टक्का होता. तिथं महागाई भडकली म्हणून त्यांनी तो जुलै 2023 पर्यंत सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर नेला. बाहेरचा पैसा तिकडे वळला. जाताना तो रुपये विकतो आणि डॉलर घेतो, म्हणून डॉलर महागतो. रुपया फार पडू नये म्हणून रिझर्व्ह बँकेनं आपल्या गंगाजळीतले डॉलर विकले. सप्टेंबर 2021 मध्ये 640 अब्ज डॉलरच्या वर असलेला साठा ऑक्टोबर 2022 पर्यंत 525 अब्जांच्या आसपास आला.

आणि रिझर्व्ह बँकेनं आपलाही दर वाढवला. मे 2022 च्या आधी रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजानं पैसे देते तो दर, 4 टक्के होता, फेब्रुवारी 2023 मध्ये साडेसहा. अडीच टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. 30 लाखांचं, 20 वर्षांचं गृहकर्ज 7 टक्क्यांनी घेतलं असेल तर हप्ता साधारण 23,260 रुपये बसतो. साडेनऊ टक्क्यांनी तो 27,960 च्या पुढे जातो. दर महिन्याला 4,700 रुपये. तेलाचे कितीही पाऊच वाचवले तरी हे भरून निघत नाहीत.

मला या औषधाचं नेहमी नवल वाटतं. पामतेल आणि डिझेल महाग झालं म्हणून भाववाढ झाली, त्यावर उपाय म्हणून घराचा हप्ता वाढवला. व्याज वाढवल्यानं मलेशियात एक थेंब तेल जास्त निघत नाही. लोकांच्या हातातला पैसा कमी झाला की ते खर्च कमी करतील, मागणी थंडावेल, रुपयाही सावरेल, असा तो हिशेब असतो. हिशेब खोटा नाही, पण त्याचा एक भुर्दंड असा आहे जो हप्त्याच्या कागदावर दिसत नाही. त्याकडे येतोच.

मामांचं सोयाबीन

माझे एक मामा औसा तालुक्यात सोयाबीन करतात. ऑगस्ट 2021 मध्ये लातूरच्या मोंढ्यात सोयाबीन क्विंटलला 10,000 रुपयांच्या आसपास गेलं होतं. त्या वेळी मामांकडे विकायला एक पोतं नव्हतं. कुणाकडेच नव्हतं, माल व्यापाऱ्यांकडे गेलेला होता. दिवाळीत नवा माल आला तेव्हा भाव जवळपास निम्म्यावर. मधल्या काळात कोंबडीखाद्य महाग झालं म्हणून केंद्रानं 12 लाख टन सोयापेंड बाहेरून आणायला परवानगी दिली होती. मामा फोनवर म्हणाले, "कोंबडीला सवलत, अन् आम्ही?"

सोयाबीनच्या बाबतीत एक गैरसमज जवळपास सगळ्यांचा असतो. आपण त्याला तेलबी म्हणतो, म्हणून तेल महागलं की सोयाबीन महागेल असं वाटतं. पण 100 किलो सोयाबीन दळलं तर तेल निघतं 18 किलोच्या आसपास. उरलेली जवळपास सगळी पेंड. सोयाबीनचा भाव म्हणूनच पेंडीवर लटकलेला असतो, आणि पेंडीचा भाव ब्राझील, अर्जेंटिनाच्या पिकावर. त्यात अलीकडे मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथाही पशुखाद्यात जायला लागला. इथेनॉल कशासाठी? पेट्रोलमध्ये मिसळून आयात कमी करायला आणि हवा स्वच्छ ठेवायला. हवामानाच्या नावानं घेतलेला निर्णय कोंबडीच्या खाद्यातून फिरून मोंढ्यात सोयाबीनचा भाव दाबतो. मामांना मी हे समजावून सांगितलं तर म्हणाले, "आरं, मग त्यांना सांग ना, माझंबी पर्यावरण हाय."

सरकारच्या हातातली मोठी मूठ म्हणजे आयात शुल्क. 14 सप्टेंबर 2024 पासून कच्च्या खाद्यतेलावरचं एकूण शुल्क साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीस टक्के केलं. नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक होती आणि सोयाबीन हमीभावाच्या, म्हणजे 4,892 रुपयांच्या खाली विकलं जात होतं. तेल लगेच महागलं. सोयाबीन फारसं हललं नाही, कारण पेंड. मग मे 2025 च्या अखेरीस ते शुल्क साडेसोळा टक्क्यांवर आणलं, कारण आता गिऱ्हाईक ओरडत होतं.

एन्रॉन आठवतं का?

भावाच्या या साखळीत सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मला वाटतो तो असा: रुपया घसरला तर नुकसान कुणाच्या अंगावर? आयातदार ते ठोक व्यापाऱ्यावर ढकलतो, ठोक व्यापारी दुकानदारावर, दुकानदार आपल्यावर. आपल्यापुढे कुणी नसतं. आणि हा प्रश्न महाराष्ट्रानं एकदा फार मोठ्या किमतीला सोडवून बघितलाय.

दाभोळचा वीज प्रकल्प. 1992 मध्ये एन्रॉन या अमेरिकन कंपनीशी प्राथमिक करार, डिसेंबर 1993 मध्ये वीज खरेदीचा करार. गुहागर तालुक्यात प्रकल्प उभा राहिला, राजकारण झालं, अरबी समुद्रात बुडवण्याची भाषा झाली, नव्यानं वाटाघाटी झाल्या आणि मे 1999 मध्ये 740 मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला. भ्रष्टाचाराच्या आरोपांवर भरपूर लिहिलं गेलंय, ते इथं बाजूला ठेवू. कराराचा गाभा असा होता की विजेची किंमत डॉलरशी बांधलेली. इंधन नाफ्था, त्याचीही किंमत जागतिक कच्च्या तेलाबरोबर वरखाली होणारी. आणि वीज मंडळानं वीज घेतली नाही तरी प्रकल्पाचा ठरलेला स्थिर आकार द्यायचाच. म्हणजे रुपया पडला तर मंडळाचं नुकसान, तेल चढलं तर मंडळाचं नुकसान, मागणी कमी पडली तर मंडळाचं नुकसान. समोरच्याच्या वाट्याला ठेवलंच नव्हतं काही.

करार झाला तेव्हा डॉलर 31 रुपयांच्या आसपास होता, 2001 मध्ये 47 च्या जवळ गेला. मधल्या काळात तेलही चढलं. मंडळाचं बिल इतकं फुगलं की मे 2001 मध्ये त्यांनी वीज घेणंच बंद केलं. डिसेंबरात खुद्द एन्रॉनचं दिवाळं निघालं. पुढं कित्येक वर्षं आपण भारनियमनात कंदील लावत होतो, आणि कोकणातला तो प्रचंड प्रकल्प गंजत उभा होता.

मी हे का सांगतोय? कारण आज सौरऊर्जेसाठी परदेशी पैसा आणायचा म्हटलं की टेबलावर तोच प्रश्न येतो.

ऊन धुळ्याचं, व्याज कुणाचं

कोळशाची वीज म्हणजे भाड्याचं घर आणि सौरवीज म्हणजे कर्ज काढून घेतलेलं घर. कोळशाच्या केंद्राला महिन्याच्या महिन्याला कोळसा घ्यावा लागतो, पैसे जसे लागतील तसे जातात. सौर प्रकल्पात पॅनेल, जमीन, तारा, सगळा खर्च पहिल्याच वर्षी. नंतर इंधनाचा खर्च शून्य, उरतो तो फक्त हप्ता. त्यामुळे सौरविजेचा दर ठरवण्यात उन्हाइतकाच वाटा व्याजाचा असतो.

आकडे घेऊन बघू. सोयीसाठी देखभाल, नफा, जमिनीचं भाडं सोडून देऊ. समजा एक मेगावॉटचा प्रकल्प 4 कोटींत उभा राहिला, सगळे पैसे कर्जाचे, फेड 20 वर्षांत. धुळे जिल्ह्यातल्या उन्हात तो वर्षाला 16 लाख युनिट वीज देईल. कर्ज 4 टक्क्यांनी मिळालं तर युनिटमागे हप्ता पडतो 1 रुपया 84 पैसे. तेच कर्ज 10 टक्क्यांनी असेल तर 2 रुपये 94 पैसे. पॅनेल तेच, सूर्य तोच.

आता हाच प्रकल्प जर्मनीत न्या. तिथं ऊन कमी, वर्षाला जेमतेम 10 लाख युनिट मिळतील. पण कर्ज 3 टक्क्यांनी मिळालं तर युनिटमागे 2 रुपये 69 पैसे. धुळ्यात दीडपटीहून जास्त वीज निघूनही ती जर्मनीपेक्षा महाग! यातले व्याजदर मी उदाहरणापुरते घेतलेत, पण अंतर खोटं नाही. विकसनशील देशांत अशा प्रकल्पांसाठी पैसा श्रीमंत देशांच्या दुपटीच्या आसपास महाग पडतो, हे आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था बरीच वर्षं सांगतेय. आणि भाववाढ रोखायला जेव्हा व्याज वाढवलं जातं, तेव्हा कोळशाच्या विजेला थोडा धक्का बसतो आणि सौरविजेला मोठा. आयात इंधनानं आणलेल्या महागाईवर सौरवीज हा पक्का उपाय आहे, आणि त्या महागाईवरचं तात्पुरतं औषध त्याच उपायाला महाग करतं. मघाशी म्हटलेला भुर्दंड तो हाच.

तरीही आपल्याकडे सौरवीज स्वस्त झाली, हे मान्य करायला हवं. 2010 च्या पहिल्या राष्ट्रीय लिलावात दर युनिटला 12 रुपयांच्या आसपास होते, डिसेंबर 2020 मध्ये गुजरातच्या लिलावात ते 1 रुपया 99 पैशांवर आले. मोठा वाटा चीनमध्ये स्वस्त झालेल्या पॅनेलचा. पण 2020 मध्ये जगभर व्याजदर तळाला होते, हेही विसरून चालत नाही.

मग परदेशातलं स्वस्त कर्ज सरळ इकडे का आणत नाहीत? आणतात. धुळ्याच्या साक्री तालुक्यातला महानिर्मिती या राज्याच्या वीज कंपनीचा 125 मेगावॉटचा सौर प्रकल्प जर्मनीच्या केएफडब्ल्यू या सरकारी विकास बँकेच्या कर्जातून झाला. म्हणजे धुळ्याच्या उन्हाला जर्मनीचं व्याज खरंच मिळू शकतं. अडचण अशी की विजेचे पैसे रुपयात येतात आणि कर्ज फेडायचं डॉलर किंवा युरोत. 2010 मध्ये डॉलर 45 रुपयांचा होता. 2025 मध्ये तो 85 च्या पुढे गेला. त्या वेळी एक कोटी डॉलरचं कर्ज म्हणजे 45 कोटी रुपये, आता तेवढ्याच डॉलरसाठी 85 कोटींहून जास्त. या घसरणीचा विमा मिळतो, पण त्याचा हप्ता दरवर्षी काही टक्के असतो. परदेशी कर्जाचे 4 टक्के आणि विम्याचे 4 टक्के धरले की गाडी पुन्हा आपल्या बँकेच्या दाराशी. विमा नको म्हटलं तर दाभोळ.

म्हणून हवामान परिषदांत देश आकड्यांवर हमरीतुमरीवर येतात. नोव्हेंबर 2024 मध्ये बाकूच्या परिषदेत श्रीमंत देशांनी गरीब देशांसाठी 2035 पर्यंत वर्षाला 300 अब्ज डॉलर उभे करायचं मान्य केलं. गरीब देशांची गरज 1,300 अब्जांची मांडली गेली होती. भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना यांनी त्याच सभेत हा आकडा म्हणजे दृष्टिभ्रम असल्याचं सुनावलं. बातम्यांत 300 विरुद्ध 1,300 एवढंच आलं. मला त्याहून मोठी गोष्ट वाटते ती अशी की आजवर दिलेल्या सरकारी हवामान निधीत दोन तृतीयांशाहून जास्त रक्कम कर्जाची आहे. कर्ज कुठल्या चलनात आणि रुपया पडला तर कुणाच्या माथी, हे त्या 300 च्या आकड्यात कुठंच दिसत नाही.

देशातलाच पैसा देशातल्याच कामाला, हा एक रस्ता आहे. जानेवारी 2023 मध्ये केंद्रानं पहिले हरित रोखे काढले, 8,000 कोटींचे. पर्यावरणासाठी आहे म्हणून गुंतवणूकदारांनी व्याज जरा कमी घेतलं. किती कमी? टक्क्याचा विसावा हिस्सा. 8,000 कोटींवर वर्षाला 4 कोटी रुपये. पर्यावरणप्रेमाचा बाजारभाव इतका असतो. पुढच्याच महिन्यात इंदूर महापालिकेनं 244 कोटींचे हरित रोखे थेट सामान्य लोकांना विकले. नर्मदेचं पाणी उपसून शहरात आणायचं वीजबिल त्यांच्या उरावर बसलं होतं, म्हणून पाण्याच्या पंपांसाठी सौर प्रकल्प. व्याज सव्वाआठ टक्के, म्हणजे काही स्वस्त नाही. पण कर्ज रुपयात, बचत रुपयात, आणि क्वालालंपूर, वॉशिंग्टन कुठंही काही झालं तरी हप्ता तोच. मुंबईतल्या कुठल्याही मोठ्या सौद्यापेक्षा होळकरांच्या गावचा हा व्यवहार मला जास्त शहाणपणाचा वाटतो.

पुन्हा रांगेत

2025 च्या सुरुवातीला पामतेल पुन्हा महाग होतं. एरवी ते सोयातेलापेक्षा स्वस्त असतं, या वेळी त्याच्याही वर गेलं. कारण पुन्हा इंडोनेशिया, पण या वेळी शटर ओढलं नव्हतं. त्यांनी डिझेलमध्ये पामतेलापासून केलेलं जैवइंधन मिसळायचं प्रमाण 35 वरून 40 टक्क्यांवर न्यायचं ठरवलं होतं. डिझेलची आयात कमी, डॉलर वाचले, शिवाय हरित इंधन म्हणून हवामानाच्या खात्यावरही नोंद. पाम लावायला जंगलं तोडली ती नोंद वेगळ्या वहीत. आपल्याकडे यायचं तेल तिथल्या ट्रकच्या टाकीत जायला लागलं. तेव्हापासून कच्चं तेल चढलं की मी पामतेलाकडेही बघतो, दोन्ही आता एकाच इंजिनात जळतात.

दुकानदारानं हे सगळं एका वाक्यात बसवलं. आजींनी पाऊचचा नवा भाव वाचून त्याच्याकडे बघितलं तेव्हा तो म्हणाला, "तेल आता गाडीत घालतायत ते लोक."

"गाडीत?" आजी म्हणाल्या. "त्यापेक्षा उन्हावर चालवाव्यात की गाड्या. ऊन काय थोडं आहे तिकडं?"

मी त्यांना व्याजाचं सांगणार होतो. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "आजी, पुढं सरका जरा."